सरांच्या जागेवर केळीची फणी

१२ ऑक्टोबर, रविवार. शाळेला सुट्टी म्हणून गाडी घरी आहे, आणि मागची चाकं काढून आतले रबरी बुश बघायचं काम मी आज काढलं आहे. काल राजघाटाकडून परत येताना गतिरोधकावर डाव्या बाजूने बारीक करकर आली. आवाज लहान असतानाच बघितलेला बरा. दारासमोर गल्लीत पोतं अंथरलं, पुढच्या चाकांना विटा लावल्या, नट ढिले केले, जॅक चढवला, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि आडवी झाले.

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात कोणी गाडीखाली शिरलं की गल्लीला ते बघावंच लागतं. समोरच्या शकुंतलाकाकू भाजीची पिशवी घेऊन थांबल्या.

"मंगल, बाईमानूस गाडीखाली? अन सर कुठे गेले?"

"वर पेपर तपासू राह्यले, काकू. गाडी मी तपासते."

"मग पास कर बिचारीला. म्हातारी झाली ती."

काकू गेल्या. शेजारच्या पॉवरलूमची खटखट जमिनीतून पाठीला लागत होती. डोळ्यांसमोर, हात पोचेल एवढ्या अंतरावर, स्प्रिंग आणि तिच्याजवळ शॉकर.

मी सहजासहजी भारावणारी बाई नाही. लग्नात, देवळात, भाषणाला, सगळीकडे माझं लक्ष चपला कुठे ठेवल्या याकडे असतं. पण या दोन वस्तूंकडे बघताना मात्र मी दर वेळी गप्प होते. स्प्रिंगला एकच येतं: दाबलं की उसळायचं. ती एकटी असती, तर लालबागच्या खड्ड्यात बसलेला धक्का घेऊन गाडी शहराबाहेर पडेपर्यंत डुलत राहिली असती. शॉकरमध्ये तेल असतं आणि त्या तेलाला जायला बारीक भोकं. उसळी आली की तेल त्या भोकांतून जायला वेळ लावतं, आणि तेवढ्या वेळात उसळीचा जीव निघून जातो. धक्का जातो कुठे? तेल गरम होतं, बस. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकरला हात लावून बघा, कोमट लागतो. रस्त्यावरचे सगळे खड्डे त्या कोमटपणात असतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हात तसाच ठेवून किती तरी वेळ बसले होते.

ते एका ऑक्टोबरातच कळलं.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे केळीच्या कांदेबागेचे दिवस. पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात ती मृगबाग, आणि पाऊस ओसरल्यावर लावतात ती कांदेबाग. तापीच्या दोन्ही अंगांनी शेतं नांगरून, ठिबकच्या नळ्या अंथरून तयार असतात. सकाळी पानांवर दव, दुपारी चटका, संध्याकाळी ओल्या मातीचा आणि सडलेल्या केळीच्या खोडांचा आंबूस वास. माझी रोपवाटिका आहे. टिश्यू कल्चरची केळीची रोपं हिरव्या जाळीखाली वाढवून मी शेतकऱ्यांना पोचवते, त्यामुळे हा महिना मला श्वास घेऊ देत नाही. तरीही दर वर्षी वाफ्यात उभी असताना तो एक हंगाम आठवतोच. आठवायचं ठरवावं लागत नाही, तो त्या आंबूस वासाबरोबर येतो.

माझे यजमान खकनारच्या शाळेत गणित शिकवतात. सगळा तालुका त्यांना सर म्हणतो, म्हणून मीही सरच म्हणते. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांच्या कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकली आणि ऑपरेशन झालं. पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, "चाला, बसा, शिकवा. फक्त धक्के खाऊ नका." बुऱ्हाणपूरहून खकनारला धक्के न खाता कसं जायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. शहराजवळ रस्ता केळीच्या ट्रकांनी खचलेला, पुढे मोऱ्या, मग सागाच्या टेकड्यांतली वळणं. बसचा प्रश्नच नव्हता. तिथे खोली घेऊन एकटं राहणं त्यांना झेपलं नसतं. बदलीचा अर्ज कधी हलेल याचा नेम नव्हता.

एका संध्याकाळी सर ताक पिताना म्हणाले, "दिवाळीनंतर जाऊन बघतो. नाही जमलं तर नोकरी सोडतो. होतं तसं."

उत्तर काढून झाल्यावर खाली दोन रेघा मारतात तसं त्यांनी ते सांगितलं. मी घरी बसलेले सर चार महिने बघितले होते. कांदा चिरताना ते माझ्या मागे उभे राहून फोडी सारख्या होत नाहीत म्हणायचे. ते मी सहन केलं असतं. पण दुपारी मी जाळीतून जेवायला आले की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "कळलं का? नाही कळलं तर परत विचारा." खोलीत कोणी नसायचं. ते भिंतीला अपूर्णांक शिकवत असायचे. मला पाहिलं की घसा खाकरून पंख्याकडे बघायचे. हा माणूस वर्गात गेला नाही तर राहील कसा, हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. गाडीकडे बघितलं.

गाडी चांगली होती, आमच्या हातात पडून बिघडली होती. आमच्या भागात कोणी नवी गाडी आणली की बघायला आलेला माणूस आधी डिकी उघडतो. माल किती बसेल? माणसं कशीही बसतील. माझे दीर प्रमोदभाऊजी खकनारजवळची शेती बघतात. माझी रोपं आणि त्यांची खताची पोती वाहून गाडी मागून खाली बसायला लागली, तेव्हा त्यांनी स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये जाड रबराचे बफर ठोकून घेतले आणि चाकांत ठासून हवा भरली. "आता बघा वहिनी, कशी ताठ उभी राहिली!" गाडी खरोखर ताठ उभी राहिली. अशा गाड्या आमच्या गल्लीत आणखी चार आहेत. सगळ्यांची मागची बाजू उंच, आणि सगळ्यांच्या मालकांची कंबर धरलेली. दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही.

लालबागकडे जाताना सलीमभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला, गाडी हललीच नाही.

"मॅडम, आपने इसको ट्रक बना दिया. ट्रक में आलू बैठते हैं, माट्साब नहीं."

"मग काढा सगळं. एकदम नरम करा. सरांना पाळण्यात बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

"पालना?" ते हसले. "कर देते हैं. बाद में मत बोलना."

बफर निघाले. शॉकर फुटून तेल गळत होतं, तेही निघाले. कमी ताकदीच्या स्प्रिंगा आणि अगदी मऊ शॉकर बसले. आम्हा दोघांनाही वाटलं, काम झालं.

अडचण वेगळीच होती. सर कधी खरं सांगत नाहीत. भाजीत मीठ नसलं तरी "ठीक आहे", दाढ ठणकत असली तरी "ठीक आहे". त्यात या दुखण्याची खोड अशी की धक्का आज बसतो आणि कळ दुसऱ्या दिवशी येते. गावात फेरी मारून आणली तर "छान आहे गाडी" म्हणाले आणि सकाळी पलंगाची कड धरून बसून राहिले. कशाने दुखलं, रस्त्याने, गादीने की हवेने, ते त्यांनाही सांगता येईना. आणि खकनारपर्यंत नेऊन बघायचं तर पाठ पणाला लावायची.

प्रमोदभाऊजी शेतावरून केळी घेऊन आले होते. फणी ओट्यावर ठेवत ते म्हणाले, "वहिनी, केळं अन आपले दादा एकसारखे. मार लागला तरी त्या टायमाला तोंड उघडत नाहीत."

ते हसण्यावारी बोलले. माझा हात भांड्यावर थांबला. केळी पिकवणाऱ्या घरातलं पोरगंही हे जाणतं. हिरव्या केळ्यावर मार दिसत नाही. ट्रकमध्ये भरताना आपटलेला घडही कसा हिरवागार, निर्दोष दिसतो. पिकायला लागला की साल पिवळी होते आणि जिथे जिथे लागलं तिथे काळं उमटतं. कुठे आपटलं, कुठे दबलं, कुठे घासलं, सगळं. म्हणून आमच्याकडे घड उतरवणारा खांद्यावर गादी घेतो, आणि ट्रकमध्ये पानांचे थर देतात. इथे माणसापेक्षा फळाला जास्त जपून नेतात.

दुसऱ्या दिवशी एका घडाच्या शेजारशेजारच्या दोन फण्या कापल्या. एक घरात दोरीला टांगून ठेवली. दुसरी सरांच्या जागेवर, सीटवर ठेवली, वरून पट्टा लावला आणि मी खकनारला जाऊन आले. पेट्रोलपंपावर हवा भरणाऱ्याने आत डोकावून विचारलं, "मॅडम, इनको बेल्ट?"

"सर हैं. कमर का ऑपरेशन हुआ है."

त्याने फणीला हात जोडले.

आल्यावर दोन्ही फण्या वेगवेगळ्या पोत्यांत गुंडाळून पिकायला ठेवल्या. सर सकाळ-संध्याकाळ पोतं वरून चाचपून बघायचे. "निकाल कधी?" विचारायचे. चार-पाच दिवसांनी उघडलं. घरातली फणी सोन्यासारखी. गाडीतलीच्या तळाला काळे ठिपके नव्हते, म्हणजे खालून धक्का आलाच नव्हता. पण एका बाजूची सगळी केळी घासून करपल्यासारखी झाली होती. वळणावर गाडी कलत होती, फणी सरकत होती, परत येत होती, पुन्हा सरकत होती.

सर त्या करपट बाजूवरून बोट फिरवत राहिले. मग जपून म्हणाले, "मला तेच होत होतं. गावातल्या फेरीत. गाडी झुलली की मी आतून धरून बसायचो. सगळं अंग धरून. त्यानेच दुखायचं, पण गाडी इतकी मऊ, तक्रार कशाची करायची?"

मी इतकी वर्षं या माणसाबरोबर राहते. हे वाक्य काढायला एक फणी लागली.

आज या गाडीखाली पडल्या पडल्या मला पेपर मिल आठवते. माझे वडील महाराष्ट्रातून आले आणि मिलमध्ये फिटर झाले, मी तिथल्या कॉलनीत वाढले. एकदा कामगारांच्या घरच्यांना आत नेलं होतं. ओला कागद, ज्याला अजून कागद म्हणता येणार नाही असा लगदा, एका रोलरवरून दुसऱ्या रोलरवर जाताना मधे थोडंसं अंतर अधांतरी पार करत होता. खाली काही नाही. तो धावत होता आणि फाटत नव्हता. वडील कानाशी ओरडून म्हणाले, "जास्त ओढला तर तुटेल, सैल सोडला तर दुमडेल!" मी शाळकरी होते. त्या रिकाम्या जागेकडे मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. वाटलं, घरातली सगळी वह्या-पुस्तकं त्या वीतभर हवेतून आलेली आहेत.

फणी हातात घेऊन सलीमभाईंकडे गेले तेव्हा त्यांनी आधी एक केळं सोलून खाल्लं. मग साल उलटीपालटी करून बघितली. "वाह. ये तो एक्सरे हो गया."

"मग आता?"

"आपको पालना मंगता था. भाऊ को ट्रक मंगता था. गाडी को कोई पूछा नहीं."

दोघांनी मिळून विचार केला, वाद घातला. मी म्हणत होते स्प्रिंग मऊच राहू द्या, ते म्हणत होते नाही, कंपनीची होती तेवढ्याच ताकदीची परत घाला, शॉकर बदला. त्यांनी असे शॉकर आणले जे चाकाला वर जाताना सहज सोडतात आणि खाली येताना आवरून धरतात. मी दाराच्या आतल्या बाजूचं स्टिकर वाचून हवा तेवढीच ठेवायला लावली, त्यावर ते म्हणाले, "इतनी कम? टायर बैठेगा." बसला नाही. झिजलेले सगळे बुश बदलले. वळणावर गाडीला दोन्ही बाजूंनी बांधून ठेवणारी जी सळई असते, तिच्या ढिल्या कड्या नव्या घातल्या. त्यांचा एक अंदाज चुकला, माझे दोन. पुढचे शॉकर आधी जास्तच कडक आले, तेव्हा फणीच्या तळाला ठिपके उमटले आणि ते बदलावे लागले.

त्या दिवसांत आमच्या घरात केळ्याशिवाय काही शिजलं नाही. कोशिंबीर, शिकरण, भजी. शकुंतलाकाकूंकडे रोज वाटी जायची. त्या म्हणायच्या, "तुमच्या गाडीची ट्रायल अन आमचं पोट."

रस्ता मी किती वेळा पार केला ते मोजलं नाही. एकटी, शेजारी पट्टा लावलेली फणी. काही गोष्टी मला त्या रस्त्यानेच दाखवल्या. वाऱ्यात उभी केळीची बाग. केळीत लाकूड नसतं, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले, बस. पाण्याने भरलेलं ते पोकळ खोड माणसाला उचलवणार नाही असा घड पोटाशी धरून उभं असतं आणि वारा आला की थोडं झुकतं, थोडं नाही झुकत. जे फार झुकतं ते आडवं होतं, जे अजिबात झुकत नाही ते मोडतं. माझ्या वाटिकेतून हजारो रोपं गेली, आणि मी हे कधी थांबून बघितलं नव्हतं. त्या हंगामात मी गाडी बाजूला घेऊन बघायचे. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून शिव्या देऊन पुढे जायचे.

आणि माणूस. मणक्यांमधल्या त्या गाद्या. जन्मभर पायऱ्या, ओझी, उड्या, पोरांना कडेवर घेणं, आणि वर डोक्यात मात्र सगळं शांत. कुणी बसवल्या त्या? मी देवाचं फार करत नाही. पण त्या दिवसांत झोपलेल्या सरांच्या पाठीवरच्या जखमेच्या रेघेकडे बघताना, एवढी वर्षं हे यंत्र न बोलता चाललं, या विचाराने हात जोडावेसे वाटले होते.

दिवाळी झाली. शेवटची फणी उघडली तेव्हा सर, भाऊजी, मी, तिघं ओट्याभोवती होतो. दोन्ही फण्या शेजारी ठेवल्या. भाऊजींनी उचलल्या, पालथ्या केल्या, वास घेतला. शेवटी म्हणाले, "यातली घरातली कोणती?"

आम्हाला कुणालाच सांगता येईना.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सरांना घेऊन निघाले. पट्टा त्यांनीच लावला. शहर सुटलं. मग त्यांना आठवीतला कोणता तरी मुलगा आठवला, त्याला ऋण संख्या का कळत नाहीत ते सांगू लागले. रस्त्यातली सगळ्यात वाईट मोरी पुढे दिसली. तिथे कडेचा दगड निघाला आहे आणि डांबराला वीतभर पायरी पडली आहे. मी हात घट्ट केले. सर सांगत होते, "...म्हणजे वजा चार हे वजा सातपेक्षा मोठं, हे त्याला पटतच नाही, कारण त्याच्या डोक्यात..."

मोरी मागे गेली. वाक्य मधे तुटलं नाही. त्यांना मोरी आल्याचंच कळलं नव्हतं.

मी हात सैल केले. पुढच्या वळणांवर गाडी जराशी कलली, तेवढीच, आणि जागेवर आली. सर ऋण संख्यांमध्येच होते. येताना थोडा वेळ स्टिअरिंग त्यांनी घेतलं. घरी उतरल्यावर विचारलं, "कसं वाटू राह्यलं?"

"ठीक आहे," सर म्हणाले.

आता फणी नव्हती. खरं उत्तर सकाळीच येणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून हलले नाही. पोळ्या लाटत कान तिकडे ठेवला. पलंग वाजला. नेहमी त्यानंतर एक लांब शांतता असायची, मग दात आवळून घेतलेला श्वास. त्या सकाळी पलंग वाजला आणि लगेच न्हाणीत बादलीचा आवाज आला. पाणी पडायला लागलं. सर काही तरी पुटपुटत होते, बहुतेक आठवीचा पाठ.

मी एकच डबा भरला, सरांचा, आणि गाडीची किल्ली डब्यावर ठेवली. आता ही गाडी एका माणसाच्या पाठीला बसेल अशी लावलेली होती, तिच्यात माझे क्रेट घालून ती परत बिघडवायची नव्हती. चौकातून लोडिंग रिक्षा बोलावली, खकनारच्या शेतकऱ्याची रोपं भरली आणि ड्रायव्हरशेजारी बसून सरांच्या आधीच निघाले. रिक्षेला स्प्रिंग होती की नाही देव जाणे. प्रत्येक खड्डा दाताने मोजत मी चालले होते. टेकड्या सुरू झाल्या तिथे मागून आमचीच गाडी आली, हॉर्न देऊन पुढे गेली.

इतके दिवस मी तिच्या आत होते, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. खाली चाकं वेड्यासारखी वरखाली होत होती, डावं वेगळं, उजवं वेगळं. आणि त्यांच्यावर, मागच्या काचेतून, सरांचं डोकं एका सरळ रेषेत चाललं होतं.

"भैया, थोडी देर इसके पीछे चलाओ."

"दीदी, इतना भगाऊंगा तो आपकी कमर टूटेगी."

"टूटने दो," मी म्हटलं आणि दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला.